अकरावा वळसा

४ मार्च १९७४, आटपाडी
पोचलो एकदाचा. खंडाळ्यापासून तीन एसट्या, अंगाचा भुगा. पण काम झकास! दोन वेळची भाकरी, झोपायला घोंगडं, आणि हवालदार कोंडीबांना चालवायचं. लढाईत त्यांच्या डोक्याच्या मागं गोळी लागली. डोळे धड, पण मेंदूतली बघायची जागाच गेली. तरी वाटेत डबा ठेवला की बरोबर वळसा घालतात. दिसतं काय, विचारलं तर म्हणाले, दिसत न्हाई रं गड्या, पायाला कळतं.

७ मार्च
डॉक्टरांचं सांगणं : अंगणात दहा डबे मांडायचे, वळसा जमला की "बरोबर" म्हणायचं, नाहीतर "चूक". मेंदू त्यावरच नवी वाट काढतो म्हणे. कारभारीण हरणाबाई दारातून बघत असतात. नवऱ्याला आपलं तोंड दिसावं, एवढंच मागणं. फेऱ्या घालवून घालवून जीव आंबतो. मी सावलीतल्या दगडावर बसून बाभळीवरचे सुगरणीचे खोपे बघत नुसतं "बरोबर, बरोबर" म्हणतो.

१६ मार्च
आज नीट मोजलं. डबे दहा, वळसे अकरा. हौदापाशी मोकळ्या जागेला वळसा! तिथंही मी किती दिवस "बरोबर" म्हणत आलोय कुणास ठाऊक. "चूक" म्हणालो तर हवालदार हसले. इतके दिस बरोबर हुतं, आजच चूक कसं? उभं हाय की तिथं.

१९ मार्च
हरणाबाई खूश. म्हणाल्या, मालकाला डबंच न्हाई, उभं माणूसबी कळाय लागलं, तुझ्या तोंडात साखर पडू दे पोरा. पण तिथं माणूस नाहीच. दुपारी मेंढरं आली. हौदापाशी त्याच मोकळ्या जागेभोवती दुभंगून गेली.

२२ मार्च
तो वळसा रोज हातभर सरकतोय. माझ्या बाजूला.

२४ मार्च
डबे उचलले. तरी एक वळसा — मी बसतो त्या दगडाला लागून. "चूक" म्हणून म्हणून घसा बसला. ऐकत नाहीत. थकलो.

२५ मार्च
पिशवी भरून निघालो. दारात हवालदार माझ्यावर आदळले. पहिल्यांदाच. कोण हाय, म्हणाले. मी कृष्णात. तर म्हणे, थट्टा करतोस व्हय? कृष्णात त्या दगडावर बसलाय. दिसतोय मला —

हरणाबाई रडल्या. माझा हात धरून दगडाकडं ओढलं — बस बाबा तिथंच, त्यांचं पहिलं दिसणं खोटं पाडू नगंस —

बसलोय. वही मांडीवर. दगड सावलीतला, तरी ऊबदार. नुकतंच कुणी उठल्यासारखा — नाही, उठलेलं नाही — सरकून मला जागा —