छत्तीस फोटोंतले साडूबुवा

आदरणीय साडूबुवांस,

साष्टांग नमस्कार. (साधा नमस्कारच लिहिणार होतो. पण चार दिवस मी घरभर फोटो पसरून फरशीवर पालथा पडलेलो आहे, तेव्हा साष्टांग आपोआप घडतोच आहे.) तुमची प्रकृती विचारत नाही. ज्याचा व्हिसा एक्केचाळीस दिवसांत येतो त्याची प्रकृती बिघडायची हिंमत करत नाही. सासूबाई बऱ्या आहेत. तुमच्या व्हिसाची बातमी त्यांनी मला तीनदा सांगितली आणि चौथ्यांदा, मी समोर जेवत असताना, फोनवर आणखी कुणाला तरी. माझं ठीक. पोटात थोडं दुखतं, पण ते डॉक्टरला दाखवण्यासारखं नाही.

तुमचं अभिनंदन. हे दोन शब्द लिहायला मला अर्धा तास लागला. तरी मनापासून आहेत असं धरून चाला.

आता हकिगत. आपल्या बायका सख्ख्या बहिणी. दोघी परदेशात एकाच रुग्णालयात म्हाताऱ्या माणसांचे गुडघे वाकवायचं काम करतात आणि एकाच तीन खोल्यांच्या घरात राहतात. आपणही अर्ज एकाच दिवशी, एकाच खिडकीवर दिले. (खरं तर रांगेत मी पुढे होतो. तुम्ही "जरा पेन बघू" म्हणालात, आणि पेन परत मिळेपर्यंत मी तुमच्या मागे गेलो होतो.) तुमचा पासपोर्ट शिक्का लागून घरी आला. मला आलं पत्र. लग्न खरं असल्याचा पुरावा म्हणून जोडलेल्या सदतीस छायाचित्रांपैकी छत्तीसमध्ये अर्जदार कुठेच दिसत नाही. मात्र प्रत्येकात श्रीमतींच्या शेजारी एक मिशीवाले गृहस्थ आहेत, ते कोण? अठ्ठावीस दिवसांत खुलासा न आल्यास अर्ज नामंजूर होईल. त्यातले नऊ दिवस गेले.

ते गृहस्थ तुम्ही आहात.

हे कसं झालं ते तुम्हाला ठाऊक आहेच, पण मला बोलू द्या. मी जमीनमोजणीतला माणूस. सगळी नोकरी दुर्बिणीमागे गेली, त्यामुळे कुणी तिरका फोटो काढायला लागलं की माझा जीव कासावीस होतो. म्हणून किनाऱ्यावर जा, प्राणिसंग्रहालयात जा, नाहीतर नव्या सोफ्यासमोर जमा, "भावोजी, तुमचा हात स्थिर आहे" म्हणत तुमची बायको फोन माझ्या हातात देणार आणि तुम्ही दोघी बहिणींच्या मधोमध जाऊन उभे राहणार. कधी बाजूला उभे राहिला असतात तर काही बिघडलं असतं का? पण नाही. मधेच. (हत्तीच्या पिंजऱ्यासमोरच्या फोटोत तर तुमचा हात आमच्या हिच्या खुर्चीच्या पाठीवर आहे. मी तो भिंगाखाली पाहिला. खुर्चीवरच आहे, खांद्यावर नाही. पण त्या अधिकाऱ्याकडे भिंग असेलच असं नाही.)

आणि आमच्या लग्नाचा फोटो! नोंदणी कचेरीत फोटोवाल्यानं कॅमेरा इतका वाकडा धरला की मला राहवेना. मी सही अर्धी सोडून उठलो आणि स्वतःच्याच लग्नाचा फोटो स्वतः काढला. त्यात नवरी सही करतेय, साक्षीदार म्हणून आलेले तुम्ही (तेव्हा नुसते होणारे साडू) तिच्या शेजारी वाकून हसताय, आणि पलीकडे एक रिकामी खुर्ची आहे. ती खुर्ची मी. सदतिसावा फोटो तेवढा तुम्ही काढलात. त्यात मी आहे, पण नाकापासून वर. नाकाखाली तुमचं बोट आलंय.

अर्ज भरून देणाऱ्या बाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसून सगळे फोटो पाहिले आणि म्हणाल्या, "फोटो मात्र झकास आहेत हो. अगदी तुमच्या साडूंच्या फायलीतल्यासारखे." आता बोला! तुमच्या फायलीतलेही मीच काढलेले. म्हणजे तुम्हाला व्हिसा मिळाला तो माझ्या स्थिर हातामुळे, आणि माझा अडकला तोही त्याच हातामुळे. घरी येईपर्यंत माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

साडूबुवा, आडपडदा ठेवत नाही. मला तुमचा हेवा वाटतो. गुरुवारी तुम्ही निघणार, शुक्रवारी त्या घरातल्या टेबलाशी बसणार, आणि समोर आमची ही चहा ओतत असेल. तुम्हाला त्याचं काहीच वाटणार नाही, हेच मला सहन होत नाही. तिला तिकडे जाऊन चौदा महिने झाले. बोलताना ती फोन मांडीवर ठेवते, त्यामुळे चौदा महिने मी तिची हनुवटी आणि छताचा दिवा पाहतोय.

असो. कळवायचं ते कळवलं. लोभ आहेच, पण तो किती टिकवायचा हे आता तुमच्या हातात.

आपला,
रिकामी खुर्ची

ता. क. : निघण्यापूर्वी, म्हणजे बुधवारच्या आत, एक सहीचा खुलासा पाठवा : छत्तीस फोटोंतले गृहस्थ आपण, आणि फोटो काढणारा तो तिचा नवरा. "मी सदर श्रीमतींचा पती नाही" हे वाक्य ठळक लिहा. त्याआधी "दुर्दैवाने" वगैरे घालू नका, तुमचे विनोद मला माहीत आहेत.

ता. क. २ : हत्तीचा उल्लेख टाळा.

ता. क. ३ : तिथे पोचलात की तिचा एक फोटो काढून पाठवा. तुम्ही त्यात नकोत, तुमची बायको नको, नुसती ती. फोटो माझ्यासाठी आहे हे तिला आधी सांगा आणि मगच बटण दाबा. ती हसेल. ते हसणं माझ्यासाठी असेल. तुम्ही फक्त समोर उभे आहात, एवढं ध्यानात ठेवा.