न मोडणारी भाकर

५ जून
आले बाई एकदाची सासरी! अकोल्याहून अमरावती काही लांब नाही, तरी आई गाडी सुटेपर्यंत रडली. घर हवेशीर. माझा ललित हसतमुख, सासूबाई दुर्गाबाई तोंडाच्या फटकळ पण मायाळू. भासरे, म्हणजे ललितचे थोरले भाऊ, नांदगाव खंडेश्वरला नोकरीला. थोरली जाऊ भावनाताई इथेच असतात. त्यांची ज्वारीची भाकर काय फुगते! माझी पहिली तव्यावर टाकतानाच मोडली. सगळे हसले, मीही हसले.

१२ जून
ताईंना गहू सोसत नाही. पोट फुगतं, जुलाब होतात, म्हणून वर्षभर गव्हाला शिवलेल्या नाहीत. त्यांची ज्वारी ललित चक्की उघडताच, कुणाचाही गहू पडायच्या आत, दळून आणतो. पिठाचा डबा वेगळा, परात वेगळी. आणि बायकोसाठी गजरा आणायचं त्याला आठवत नाही! जळफळाट होतो माझा, खोटं कशाला लिहू?

२० जून
ताईंची सिलियाकची रक्ततपासणी निगेटिव्ह आली. गव्हाने आतडी खराब होतात, तो आजार. म्हणजे नाहीच तो! नुसते लाड करून घ्यायचे. सासूबाई म्हणाल्या, "कागदाले काय समजते? तिचं पोट तिले ठाऊक." मी भाकरीचं काम मागून घेतलं. आज ताईंच्या डब्यात दोन वाट्या कणीक मिसळली. बघू काय होतं ते.

४ जुलै
भाकर आता मोडत नाही. मऊ, गोल गरगरीत. ललित म्हणाला, वहिनीपेक्षा भारी जमली. दिवसभर तेच आठवत होते. डबा भरला की कणीक घालतेच.

९ ऑगस्ट
ताई वाळल्या. केस गळतात. हात उचलला की बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरतात, तो आवाज घरभर येतो. तरी माझ्याच हातची भाकर मागतात.

त्यांना दवाखान्यात न्यायचं झालं की ललित तिथे त्यांच्याजवळ बसून असतो. माझ्याजवळ नाही.

१८ सप्टेंबर
नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गहू बंद असताना केलेल्या तपासणीवर भरवसा नाही. आजार असला तरी निगेटिव्ह येते. आधी काही आठवडे गहू खायला हवा. ताई रडल्या, गहू नको म्हणाल्या. तरी इतर तपासण्यांसोबत रक्त घेतलंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गहू पोटात नाही, तेव्हा बहुतेक काही दिसणार नाही.

दिसेल. मला माहीत आहे.

घरी येऊन डबा घासला. निव्वळ ज्वारी भरली.

२२ सप्टेंबर
पॉझिटिव्ह. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ह्यांच्या पोटात गहू जातोय कुठून? ललितने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे —

२२ — पुन्हा
सासूबाईंनी परात पुढे सरकवली. "थाप. आमच्यासमोर."
पहिली मोडली.
दुसरी —
पाणी पिऊन येते म्हणून खोलीत आले. कडी लावली. बोटांना पीठ तसंच. बाहेर कुणी ओरडत नाही. ओरडा ना —

बांगड्या. कोपराकडे घसरताहेत. दाराशी.

ताई हळूच म्हणतात, "प्रणाली, कणीक आणली वं तुह्यासाठी. घाल आता. मले भूक लागली —"

दार उघडतंय. कडी लावली होती मी. नक्की लाव