मुखपृष्ठावरची पाठ

१२ नोव्हें., बुध.

रक्तदाब १३०/८०. व. म्हणाली, "छान. आता वहीत लिहा, म्हणजे तो तसाच राहील." लिहिला. पंचेचाळीस वर्षं झाली लग्नाला, नारायण पेठेचं पाणी काही बदलत नाही.

दुपारी मैत्रेयीचा फोन. माझ्या थोरल्या बहिणीची, कमलताईची नात, हडपसरला आयटीत. बाबांच्या जन्मशताब्दीची पुस्तिका तीच करते आहे. 'सुभेदार ते कर्नल'. पुढच्या महिन्यात गावच्या शाळेत कार्यक्रम, तिथे वाटणार. मुखपृष्ठ पाठवलं. "मामाआजोबा, फक्त ओके म्हणा. पंचवीसला, मंगळवारी सहापर्यंत फाइल प्रेसला द्यायचीये."

चित्र पाहिलं. देहरादूनचं मैदान. मी बावीस वर्षांचा, खांद्यावर एकेक नवा तारा, वाकून बाबांच्या पायाला हात लावतोय. बाबा वर्दीत, हात सॅल्यूटमध्ये. मागचा हिमालय थेट सिंहगडासारखा आलाय.

आमच्या घराण्यातली सगळ्यात गाजलेली गोष्ट. कुठल्याही लग्नात, बारशात कोणीतरी सांगतंच. सुभेदार बापाने साहेब झालेल्या पोराला सलाम केला आणि पोराने तिथल्या तिथे बापाचे पाय धरले. बायका डोळे पुसतात. मी खाली बघतो, तो लोकांना विनय वाटतो.

मैत्रेयीला म्हणालो, बघून सांगतो.

मी वाकलो नव्हतो.

१३ नोव्हें., गुरु.

सकाळी खडकवासल्याला. स्कूटरवर, व.ला न सांगता. पाण्यावर धुकं, पलीकडचा किनारा नाहीच. तिकडे प्रबोधिनीत तीन वर्षं कॅडेट म्हणून पळालो, त्यानंतर देहरादून. आज वाटलं ते सगळं धुक्याच्या आत अजून चालू असेल, कोणीतरी माझ्या नावाने ओरडत असेल.

काय झालं ते एकदा लिहून टाकतो.

परेड संपली होती. इतरांचे वडील सुटाबुटात, मिठ्या मारत होते. बाबा गर्दीतून आले. ड्रेस कडक, मिशा पिळलेल्या. निवृत्तीला चार महिने. माझ्यापासून तीन पावलांवर थांबले, टाचा जुळवल्या, सॅल्यूट. "जय हिंद, साहब." हिंदीत. मी उत्तर दिलं. माझा हात खाली आल्यावर त्यांचा आला, नियमाप्रमाणे.

पुढे काय करायचं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. वाकावं असं वाटलं. पण टोपी पडेल. मागे आमचे इन्स्ट्रक्टर उभे आहेत. वर्दीत कोणी वाकत नाही. तिन्ही कारणं बरोबर होती. तेवढ्यात कोणीतरी फोटोला हाक मारली आणि मी गेलो. परत आलो तेव्हा बाबा त्याच जागी, तसेच उभे.

गावी जाऊन त्यांनी आईला सांगितलं, पोरगा पाया पडला.

का, ते मी कधी विचारलं नाही. मी मेजर असताना गेले.

१५ नोव्हें., शनि.

जेवणानंतर डोळा लागला. तेच स्वप्न, या महिन्यात तिसऱ्यांदा. बाबा धरणाच्या पाण्यावर उभे, घोट्यापर्यंत पाण्यात. हात कपाळाशी. मी उत्तर दिल्याशिवाय त्यांना हात खाली घेता येत नाही आणि मला माझा हात सापडत नाही. शर्टाच्या बाहीत शोधतोय, खिशात शोधतोय. ते रागावत नाहीत. पाणी हळूहळू वर येतं.

उठलो तर उजवा हात अंगाखाली दबून बधिर झालेला. चहा डाव्या हाताने प्यायलो.

१७ नोव्हें., सोम.

व.ला सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चष्मा काढून ऐकलं. म्हणाली, "वाकला असतात तरच मला नवल वाटलं असतं. माझ्या आईच्या पाया पडताना घड्याळ बघत होतात." मग थोड्या वेळाने बाबांची पत्रं काढून टेबलावर ठेवून गेली.

कमिशनच्या आधीचं: 'चि. मधूस अनेक आशीर्वाद. तू तब्येतीस जप.'

नंतरचं: 'मा. लेफ्टनंट साहेब यांस. आपले पत्र पावले. आपण कुशल असाल.'

मग मा. कॅप्टन साहेब, मा. मेजर साहेब. एकदाही हुद्दा चुकला नाही. सुट्टीत घरी गेलो तरी तेच. "आपण जेवलात का?" आई हसायची, हे काय नवीन म्हणून. मेसमध्ये मी मित्रांना हे कौतुकाने सांगायचो, बघा किती अभिमान आहे माझ्या बापाला.

आता वाटतं, अभिमानच होता का? की मी वाकलो नाही, म्हणून तेही तीन पावलांवरच

हे वाक्य राहू दे.

बायको अहो म्हणते. मुलगी बाबा. सोसायटी कर्नलसाहेब. मला 'रे' म्हणणारं माणूस एकच उरलंय, कमलताई, वय ऐंशी. तिला हल्ली कधी माणसं ओळखू येतात, कधी नाही.

२२ नोव्हें., शनि.

हडपसर. बसने दीड तास. मैत्रेयीने दार उघडलं, "आजी बाल्कनीत आहे, माझा एक कॉल आहे," म्हणून आत गेली.

ताई उन्हात, अंगावर गोधडी. मी समोर स्टुलावर बसलो. मैत्रेयीने जाताजाता पाण्याचा ग्लास हातात दिला होता. विचारायचं ठरवून गेलो होतो, बाबा मला आपण का म्हणायचे. ताई माझ्याकडे खूप वेळ बघत राहिली. मिशीकडे.

"बाबा, आले का तुमी? गाडी लेट झाली का?"

मी मधू आहे, असं सांगायला हवं होतं. ऊन फार छान होतं. तिचा चेहरा तेव्हाचा, अठ्ठावीसचा वाटत होता.

"हो," म्हणालो.

"आई कवाची वाट पाहून राह्यली. मधू भेटला? साहेब झाला न तो?"

"झाला."

"मग? पाया पडला का तुमच्या?"

विचार करायला वेळच नव्हता. "पडला. चांगला वाकून पडला." माझ्या तोंडून बाबांचा आवाज आला. खोटं बोलायला काहीच कष्ट पडत नाहीत, समोर तसा चेहरा असला की. एवढं मात्र आज कळलं. मला तहान लागली, पाणी प्यायलो.

ताई गोधडीचा काठ चाचपत म्हणाली, "तवाबी असंच म्हणाले होते तुमी. अन् लगेच पाण्याचा गिलास तोंडाले लावला होता."

मग झोपली. मी उठलो नाही. ऊन तिच्या पायांवरून माझ्या बुटांवर आलं, मग भिंतीवर गेलं.

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि तिनेही प्रत्येक लग्नात तीच गोष्ट सांगितली.

२४ नोव्हें., सोम.

मैत्रेयीला फोनवर खरं सांगितलं. "म्हणजे तसं झालंच नव्हतं?" नाही म्हणालो. "मग मी काय छापू? सगळ्यांना तीच स्टोरी माहितीये." मग म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं करते, प्रॉमिस. फक्त एक सांगते, आजीने प्रिंट उशाशी ठेवलीये."

दिवसभर घोळतंय. खोटं माझं नाही, बाबांचं आहे. त्यांनी मला दिलेली ती एकच वस्तू मी कधी मागितली नव्हती. ती दुरुस्त करायचा हक्क मला आहे का? आणि न करता त्या शाळेत, पोरांसमोर, हातात पुस्तिका घेऊन उभा राहू?

लाज वाटते. बाविसाव्या वर्षी वाटायला हवी होती ती.

२५ नोव्हें., मंगळ.

पावणेपाचला मैत्रेयीच्या नंबरावरून फोन. बोलली ताई. आवाज स्वच्छ.

"मधू, काय करतो रे?"

काही नाही म्हणालो.

"ही पोरगी मले विचारते, चित्र ठेवू का काढू. मले काहून विचारते?"

"तुला कसं वाटलं?"

"बाबा बरे काढले. तू वाकलेला काही बरा दिसत नाही. सवय नाही तुले."

हसलो. तीही हसली. मग म्हणालो, बाबांना मात्र हेच चित्र आवडलं असतं.

"बाबाचं नको सांगू. त्यायले जे सांगायचं ते सांगून गेले ते. पाठ तुझी आहे न रे? वाकवायची का नाही, तूच सांग."

सांगतो, म्हणालो. तिने फोन बंद केला नाही, तसाच बाजूला ठेवलाय. तिकडे ती मैत्रेयीला म्हणतेय, थांब, मधू सांगून राह्यला.

व. दारात उभी. काही टोमणा नाही. "अहो, काय ठरलं?"

साडेपाच. सहाला फाइल प्रेसला. फोन टेबलावर, चालू.