लाल अस्तराच्या पतंगाची जागा

मी, पंढरीनाथ किसन वानखेडे, वय ७६, रेल्वेतून रूळ-निरीक्षक म्हणून निवृत्त, राहणार शास्त्री नगर, जयपूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण पुढचे वाचून चिरंजीवांना शंका येणारच.

१. शास्त्री नगरचे घर व बँकेतील ठेव चि. संकल्प यास. जयपूरजवळच्या चाकसूचा प्लॉट दाखवायला त्याने दोनदा गिऱ्हाईक आणले आणि मला म्हणाला, "बाबा, मतलब एका किड्यासाठी?" हे मी विसरलेलो नाही. पण मुलगा आहे, घर त्याचेच.

२. चाकसूची दीड बिघा जमीन माझी नात उत्कर्षा हिला. ती विकू नये, नांगरू नये, तीवर घर बांधू नये. घर आम्हीच बांधणार होतो. पायाची आखणी करायला गेलो त्या भाद्रपदात माझी पत्नी कलावती हिला गवतात हा पतंग दिसला. (पतंग म्हणजे कीटक, इथे गच्चीवरून उडवतात तो नव्हे.) भर उन्हात उडत होता. वरून मातकट, पंख उघडले की आत लाल. ती म्हणाली, "अहो, जुन्या कोटाला नवं अस्तर लावलंय बघा." चुन्याच्या रेघा तशाच राहिल्या. विद्यापीठातल्या बाई येऊन पाहून गेल्या. म्हणाल्या, हा आता फार थोड्या माळांवर उरला आहे.

पंख फुटल्यावर या जिवाला खायला तोंड नसते. दहा महिने मातीत कोशात राहायचे, बारा दिवस उडायचे, तेवढ्यात जोडीदार शोधून, अंडी घालून मोकळे. ना जेवणाची सुट्टी, ना तक्रार. छत्तीस वर्षांच्या नोकरीत असा कर्मचारी मला मिळाला नाही. मला त्याचे फार कौतुक आहे, आणि ते लपवण्याचे आता वय नाही.

३. एक चूक कबूल करतो. हद्द दिसली की कुंपण घालायचे, ही आम्हा रेल्वेवाल्यांची खोड. २०१४ साली मी तारेचे कुंपण घातले, शेजारच्या रामप्यारीच्या मेंढ्या हाकलल्या आणि तिला नको ते बोललो. गवत कमरेइतके वाढले आणि मी खूश झालो. अळीचे खाणे म्हणजे जमिनीलगत पसरणारी एक बारीक वेल. ती त्या गवताखाली गुदमरून गेली. पहिल्या वर्षी एकेचाळीस पतंग मोजले होते. मग नऊ, मग दोन.

२०१७ साली एकही आला नाही. कलावती अंथरुणाला खिळली होती. तिने विचारले, "आले का हो?" मी म्हणालो, "बारा आले." वहीतही तेच लिहिले, कारण ती वही मागून बघायची. दिवाळीआधी ती गेली. तो आकडा खोटा आहे. खरा आकडा शून्य.

त्यानंतर रामप्यारीकडे जाऊन हात जोडले. ती म्हणाली, "बाबूजी, घास बच गई, जीव मर गया." हे तिला पहिल्या वर्षापासून माहीत होते; मी विचारलेच नव्हते. फाटक उघडले, मेंढ्यांनी गवत खाली आणले, वेलीने परत मूळ धरले. २०२० साली तिच्या चराईच्या रानातून तीन पतंग बांध ओलांडून आले. गेल्या भाद्रपदात त्रेपन्न होते.

४. म्हणून दिवाळीनंतर पहिल्या पावसापर्यंत त्या जमिनीवर चराईचा हक्क रामप्यारीचा, तिच्यामागे तिच्या मुलांचा. पावसाळ्यात फाटक बंद. तिला साक्षीदार व्हायचे होते; वकील म्हणाले, जिला काही मिळते तिची सही नको. यावर ती वकिलांना जे बोलली ते इथे लिहिता येत नाही.

५. मोजणीची वही उत्कर्षाला. बेटा, तुझे मराठी अडखळत चालते, म्हणून सोपे लिहितो. भाद्रपदात रोज सकाळी दहा वाजता चुन्याच्या रेघा होत्या तिथून चालायचे आणि मोजायचे. २०१७ च्या पानावरचा बारा मी खोडलेला नाही. तो तुझ्या आजीसाठी होता. तू मात्र कोणासाठीही खोटा आकडा लिहू नकोस. शून्य आला तर शून्यच लिही, आणि त्याच दिवशी रामप्यारीकडे जा. कुंपण घातल्यापासून मला तिच्याकडे जायला तीन वर्षे लागली.

सही: पंढरीनाथ किसन वानखेडे

आम्हा दोघांसमक्ष सही झाली:
१. ज्ञानोबा साळवे, निवृत्त रेल्वे कर्मचारी (मला 'किडेवाले बाबू' हे नाव यांनीच दिले)
२. डॉ. अमिता देशभ्रतार, दाखला देणाऱ्या

जयपूर, ११ जून २०२५