मेल्विनचा गुडघा आणि ॲटलसचे डोंगर

शुक्रवार, संध्याकाळ

लग्नाला पंचवीस वर्षं होतायत म्हणून मेल्विनने आणि मी मोरोक्कोच्या ॲटलस डोंगरांत चालायला जायचं ठरवलंय. हॉटेलं परवडत नाहीत, म्हणून गावातल्या लोकांच्या घरी राहायचं. आज तो फुजैरा शहरातल्या ड्युटीवरून आला तो लंगडतच. पुन्हा तोच गुडघा. मी म्हटलं, "खलास, कॅन्सल करू."

"वेडी आहेस का? तू चढ. मी खालच्या गावात चहा पीत बसतो."

गुडघा शेकताना मला राहवेना. म्हटलं, वर एकटी जाऊन मी काय करू?

"वर पोचलीस की हात हलव," तो म्हणाला. "मला दिसेल."

याला चष्मा लावूनही समोरच्या टॉवरचं नाव वाचता येत नाही. तरी बॅगेत मी माझी सगळ्यात लालभडक ओढणी टाकली.