आधी तू सांग

३ ऑक्टोबर, गुरुवार

खेकडा छान आहे असं मी म्हणाले. छान नव्हता.

म्हणजे नक्की माहीत नाही. म्हणूनच लिहितेय. लिहिल्यावर कदाचित कळेल.

आज आमच्या खवय्या मंडळींचं गुरुवारचं टेबल वेस्टर्न अव्हेन्यूवर होतं, लाँड्री आणि चावीवाला यांच्या मधल्या नोहबाईंच्या छोट्या खानावळीत. कच्चा खेकडा, सोया सॉसमध्ये मुरवलेला. कवचातच गरम भात कालवून खायचा. हा प्रकार मी याआधी एकदाच खाल्ला होता, दुसरीकडे, वाहानकाकांबरोबरच. तेव्हा तो गोड लागला होता, समुद्रासारखा थंड. आज पायातलं मांस जिभेवर आलं आणि नाकात काहीतरी चढलं. फरशी पुसायच्या औषधासारखं. मांसही सैल, पिठूळ. चाखायला एकच खेकडा आला होता, काकांना आणि मला; बाकीच्यांनी दुसरं मागवलं होतं.

काका नेहमीसारखं ‘आधी तू सांग’ म्हणाले असते, तर मी सांगितलं असतं. दीड वर्ष त्यांची ही परीक्षा चालू आहे. पहिला घास मी घ्यायचा, बोलायचंही मीच. मग ते विचारतात — आंबट कुठे लागतं, आधी की गिळल्यावर? — मान हलवतात आणि मगच खातात. दर बुधवारी मी वाचून तयारी करते. बी.ए.च्या परीक्षेलाही एवढी घाबरले नव्हते.

पण आज लोरेनताईंनी टोमणा मारला. त्यांना खेकडा चालत नाही, अंगावर गांधी उठतात, म्हणून त्या नुसत्या बघत बसल्या होत्या. काकांना म्हणाल्या, “काय रे म्हाताऱ्या, हल्ली घासही हीच चावून देते वाटतं तुला?” सगळे हसले. काकांचे कान लाल झाले. त्यांनी मोठा तुकडा उचलला, चोखला, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, “या वर्षातला सगळ्यात चांगला. उद्याच या सगळ्यांनी.”

त्यानंतर मी काय बोलणार? जन्मभर त्यांनी ब्रेडची गाडी चालवली. या शहरातल्या प्रत्येक स्वयंपाकघराचं मागचं दार त्यांना ओळखतं. आणि मी? आमच्या घरात काळा घेवडा आणि मक्याची भाकरी. घरात पहिली पुस्तकं आली ती माझी. आंबवलेल्या माशाला मी पहिल्यांदा नाक मुरडलं तेव्हा काकाच म्हणाले होते, “ते घाण नाही, जुनं आहे. फरक शिक.” म्हणून आज वाटलं, हाही तोच फरक असेल. माझंच नाक अडाणी.

नोहबाई दोनदा येऊन गेल्या. एप्रनला हात पुसत मलाच विचारलं — “ठीक आहे ना? काल फ्रिजने त्रास दिला.”

मी म्हणाले, “छान आहे.”

दोन्ही वेळा.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

पोट दुखतंय. चौथीच्या वर्गाला चित्रं काढायला बसवलं आणि मी खुर्चीतून हलले नाही.

काकांनी कालच इंटरनेटवरच्या आमच्या मंडळींच्या पानावर लिहिलंय. एक ओळ फक्त. त्यांची एक ओळ म्हणजे रांग! संध्याकाळी कोणीतरी फोटो टाकला: नोहबाईंच्या दारापासून चावीवाल्याच्या पुढेपर्यंत माणसं. बाई दारात उभ्या राहून हसताहेत. त्यांना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

फोन करावा का? काय सांगू? काल नाकात काहीतरी चढलं होतं म्हणून? काका खाऊन खूश आहेत आणि चौथीची मास्तरीण म्हणते नको?

केला नाही.

आईने जेवायला वाढलं. मी चिवडत बसले. “तुझी ती पोटभरू मंडळी काय खायला घालतात तुला?” म्हणाली. दिवसभर लाँड्रीत इस्त्री करून तिचे हात सुजलेले असतात, तरी घेवडा ती रोज ताजा शिजवते. कसा झालाय विचारलं. मी म्हटलं, छान. “तू सगळ्यालाच छान म्हणतेस,” आई म्हणाली आणि ताट उचललं.

५ ऑक्टोबर, शनिवार

कर्टिस इस्पितळात. लोरेनताईंचा नवरा. त्याला खेकडा फार आवडतो, म्हणून काकांची ओळ वाचून ताई त्याला काल मुद्दाम घेऊन गेल्या होत्या. सलाईन लावलंय. पानावर आणखी लोक लिहिताहेत, रात्रभर उलट्या, ताप.

काका फोन उचलत नाहीत.

६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी चर्चमध्ये आईच्या शेजारी बसले होते. एक शब्द कानात गेला नाही. नुसतं — छान आहे, छान आहे.

कर्टिसला आता बरं आहे म्हणे. पण पानावर लोक नोहबाईंच्या मागे लागलेत. गलिच्छ बाई. शिळं विकलं. माहीत असून विकलं. लोरेनताईंनी लिहिलंय — गुरुवारी आम्हाला चांगला माल दाखवला, शुक्रवारी गर्दी बघून कुजका काढला. याला लबाडी म्हणतात.

तसं झालेलं नाही. गुरुवारीही तोच होता. हे मला माहीत आहे. आणखी कोणाला माहीत आहे?

७ ऑक्टोबर, सोमवार

आज पान उघडलं नाही.

खोटं. दिवसभर उघडत होते.

८ ऑक्टोबर, मंगळवार

शाळा सुटल्यावर नोहबाईंकडे गेले. काचेवर आरोग्य खात्याचा कागद. दार अर्धं उघडं होतं. बाई जमिनीवर बसून मोठ्या मातीच्या बरण्या घासत होत्या. बाहेर गरम वारा सुटलेला, आत ब्लीचचा वास.

मी नमस्कार केला. त्यांनी वर बघितलं नाही. फ्रिज बुधवारी रात्रीत बंद पडून परत सुरू झाला, म्हणाल्या. किती वेळ बंद होता कोणाला ठाऊक. त्यांना आठवडाभर सर्दी होती, स्वतःच्या नाकाचा भरवसा नव्हता. टाकून द्यायचंच ठरवत होत्या, तेवढ्यात आम्ही आलो. शहरातले सगळ्यात मोठे खाणारे. त्यांना वाटलं, यांना कळेल.

मग बरणी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

“मी तुला विचारलं होतं. त्या म्हाताऱ्याला नाही विचारलं, तो हसतच होता. तुला विचारलं. कारण पहिल्या घासाला तुझं तोंड वाकडं झालेलं मी बघितलं.”

मी म्हटलं की मला वाटलं तो पदार्थ तसाच असतो.

“तोंडाला कळलं होतं,” नोहबाई म्हणाल्या. “मग लगेच सरळ का केलंस?”

मी बरणी धुवायला हात पुढे केला. त्यांनी माझ्या हातातून ती काढून घेतली. जोरात नाही. पण घेतली.

९ ऑक्टोबर, बुधवार

काकांकडे जाऊन आले. हे कसं लिहू?

आईने कोंबडीचं सूप करून दिलं होतं. ग्लेंडेलला त्यांच्या जिन्यातच करपल्याचा वास आला. दुसऱ्या मजल्यावर तर डोळे चुरचुरायला लागले. मी दार बडवलं. काकांनी उघडलं. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली, पण हसरे. “बरी वेळेवर आलीस, दलिया होतच आलाय.”

त्यांच्या पाठीमागे स्वयंपाकघरातून निळा धूर येत होता.

मी आत धावले. पातेलं काळंठिक्कर पडलेलं. गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. वळले तर ते दारात उभे, माझ्याकडे नाही, पातेल्याकडे बघत. किती वेळ तो वास घरात होता! ते बाजूच्या खोलीत बसून वर्तमानपत्र वाचत होते.

मी सुपाची वाटी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चमचा घेतला आणि सवयीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “तुम्हाला वास येत नाही, काका.”

“तापानंतर गेला,” म्हणाले.

“आणि चव?”

“तीही.” मग घाईने — “येईल परत. डॉक्टर म्हणतात कधी कधी येते.”

कुठला ताप, कधीपासून, मला विचारायचं होतं. मला वाटतं आत्ताचाच, खेकड्यानंतरचा. पण मग गुरुवारी? गुरुवारी त्यांना कळायला हवं होतं ना? त्यांनी हात धरला माझा. म्हणाले, “एलोदिया, कोणाला बोलू नकोस. बायको गेली, ब्रेडची गाडी सुटली. माझ्याकडे गुरुवार आहे फक्त.”

मी हो म्हटलं. परत एकदा, मागचापुढचा विचार न करता, समोरच्याला बरं वाटेल ते!

सूप त्यांनी संपवलं. आईला सांग फार चांगलं होतं, म्हणाले.

१० ऑक्टोबर, गुरुवार

आज टेबल नाही. दीड वर्षात पहिल्यांदा.

दिवसभर एकच विचार. गप्प बसले तर नोहबाई लबाड ठरतात. आधीच कोणीतरी लिहिलंय की ही बाई परत उघडेल तिथे आपण उभं राहून लोकांना आत जाऊ नका म्हणून सांगायचं. सगळं खरं लिहिलं तर काका संपतात. आणि मी शब्द दिलाय.

मग लक्षात आलं की माझ्या वाटणीचं खरं मला लिहिता येईल. तेवढंच. त्यात त्यांचं नाव लागत नाही.

पाचला लिहून टाकलं. इथे उतरवून ठेवते, नंतर मी मनातल्या मनात ते बदलेन म्हणून:

‘खेकडा गुरुवारीच बिघडलेला होता. मला पहिल्या घासाला कळलं होतं. नोहबाईंना शंका होती, म्हणून त्यांनी मला दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा छान आहे म्हटलं. मी खरं बोलले असते तर त्यांनी तो त्याच वेळी फेकून दिला असता. त्यांनी कोणाला फसवलेलं नाही. — एलोदिया’

११ ऑक्टोबर, शुक्रवार

पानावर अपेक्षा होती तेच. शाळेत शिकवणारी पोर टेबलावर बसवली की हेच होणार. काकांसारख्या माणसाचं नाव घालवलं हिने. यांच्यात चव कुठून येणार — हे एकाने लिहिलं, मग काढून टाकलं. मी तोपर्यंत वाचलं होतं. ‘यांच्यात’ म्हणजे घेवडा आणि मक्याच्या भाकरीवर वाढलेल्यांत, ते मला कळतं.

लोरेनताईंचा फोन. कर्टिस घरी आलाय, चिडचिड करतोय, म्हणजे बरा आहे. मग आवाज चढला. “एवढी शिकलीस ना? मग तोंड कशाला दिलंय देवाने, नुसतं खायला? म्हातारा तुझ्यावर विसंबून होता.”

मी म्हटलं, चुकलं माझं.

मग त्या हळूच म्हणाल्या, “पण मला एक कळत नाही. त्यानेही खाल्लं ना त्या दिवशी? मोठा तुकडा? मग त्याला कसं कळलं नाही?”

मी म्हणाले, त्यांच्या पानातला तुकडा कदाचित चांगला असेल.

आणखी एक खोटं. हे मात्र मी विचार करून बोलले.

१२ ऑक्टोबर, शनिवार

काकांचा फोन नाही. पानावर त्यांचा एक शब्द नाही. माझं लिहिलेलं वाचलं असेल. माझं मन एवढं कोतं की मला राग येतोय. मी गप्प राहिले तर तुम्हीही गप्प राहायचं असं काही ठरलं नव्हतं!

ओळख झाली तो दिवस आठवतोय. त्यांनी पानावर लिहिलं होतं की बॉइल हाइट्समधल्या एका खानावळीच्या मोलेत, म्हणजे आमच्याकडच्या मिरच्यांच्या दाट रश्शात, चॉकलेट पुढे येतं. मी घाबरत घाबरत खाली लिहिलं, चॉकलेट नाही, जाळलेलं मिरचीचं बी आहे आणि अ‍ॅव्होकाडोचं पान. वाटलं, झापतील. त्यांनी त्याच दिवशी फोन केला. “आणखी काय काय लागतं तुला?” विचारलं. किती उत्सुक होता तो आवाज. मला वाटलं होतं, एवढ्या मोठ्या माणसाला माझ्यात काहीतरी दिसलं.

आईने आज पुन्हा विचारलं, घेवडा कसा झालाय. मी म्हटलं, मीठ कमी आहे. ती थांबली, एक दाणा तोंडात टाकला, आणि मिठाचा डबा माझ्यासमोर आपटला. रागावली नव्हती.

१३ ऑक्टोबर, रविवार

काकांनी पानावर लिहिलं. ‘मागच्या वर्षी जानेवारीत ताप आला, तेव्हापासून मला चव नाही, वास नाही. त्या मार्चपासून तुम्ही इथे माझं म्हणून जे वाचलंत आणि जिथे जिथे जाऊन जेवलात, ते सगळं एलोदियाच्या तोंडचं होतं. खेकड्याची ओळ तेवढी माझी.’

मागच्या वर्षी जानेवारीत. मी टेबलावर आले मार्चमध्ये.

परीक्षा नव्हतीच ती.

दुपारी नोहबाईंचा फोन. नवा फ्रिज आलाय, नवा खेकडा मुरायला घातलाय. उघडायच्या आधी चाखायला ये म्हणाल्या. “एकटी ये. आणि तोंड वाकडं झालं तर होऊ दे.”