आयलीची कॅसेट साफ करू नये

मी, रेइनो कोस्किनेन, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार थंडर बे, ऑन्टारिओ, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. कानही शाबूत आहेत. या दस्तासाठी ते जास्त महत्त्वाचे.

१. घर व बँकेतली शिल्लक व्हँकुव्हरच्या पुतणीला, किर्स्तीला द्यावी. ती नाताळला फोन करते.

२. माझे उंची हेडफोन मर्व्हिन प्रिचर्डला द्यावेत. होय, त्यालाच. आमच्या श्रवणमंडळात गाणं म्हणून गाणं कोणी ऐकत नसे. हेडफोनची परीक्षा घ्यायला निवडक, निर्मळ रेकॉर्डिंगं लावायचो. तिथे हा पठ्ठ्या माझ्या बायकोची, आयलीची, कॅसेट घेऊन आला. आम्हा फिनलंडवाल्यांच्या फिनिश हॉलच्या जेवणावळीत ती गायली होती. रेकॉर्ड करायला मर्व्हिनचं स्वस्तातलं यंत्र, नुसती खरखर, काटेचमच्यांचा खणखणाट. दोन ओळींत मी हेडफोन काढले आणि म्हणालो,

"आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"अरे शहाण्या, बायको गातेय तुझी!" मर्व्हिन ओरडला. "कान आहेत की मोजपट्ट्या?"

तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

३. आयली गेल्यावर त्याने ती कॅसेट गुपचूप माझ्या दाराशी ठेवली. तिचा आवाज तेवढाच उरला आहे. घरी मी तिला कधी रेकॉर्ड केलं नाही. मागे फ्रिजची घरघर यायची. साध्या टेपवर ते गाणं गोड लागतं. हेडफोनवर खरखर अंगावर येते, पण गाणं संपल्यावर आयली हळूच बोलते, तेही ऐकू येतं.

"मर्व्हिन, रेइनोला नको हं ऐकवूस. आवाज स्वच्छ नाही म्हणेल."

आणि हसते. हे टेपवर उतरलंय, हे मर्व्हिनला ठाऊक नसणार. त्याच्या यंत्रावर ते बुडून जातं. म्हणून हेडफोन त्याला, कॅसेटही त्यालाच. तिचं हसणं ओळखेल असा दुसरा माणूस मला माहीत नाही.

४. कॅसेट कोणी साफ करू नये. खरखर काढली की कुजबुजणंही जातं. नकलेवर करून पाहिलं आहे.

साक्षीसाठी मर्व्हिनलाच बोलवावं म्हणून फोन उचलला होता. ज्याला वाटा मिळतो त्याची सही चालत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या, आणि मला हायसं वाटलं. मग घरी येऊन फार वाईट वाटलं.

थंडर बे, १४ नोव्हेंबर २०२३
सही: रेइनो कोस्किनेन

साक्षीदार:
१. ग्लेंडा व्हिटकॉम, वकीलबाईंच्या कचेरीतल्या.
२. टेरेन्स ओडेल, समोरच्या घरातले. इतकी वर्षं आम्ही एकमेकांना नुसता हात हलवत होतो. नाव आज सहीत वाचलं.